चित्रकार राजा रविवर्मा आणि तेलरंगाचे थर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. संत झाले, राज्यकर्त्या स्त्रिया झाल्या, समाजसुधारक झाले. यंदा एखाद्या कलावंताचे चरित्र असावे असे कार्यकारिणीत ठरले, आणि 35 वर्षे शाळेत चित्रकला शिकविलेली मी आयतीच हाती सापडले. मी राजा रविवर्मा यांचे नाव सुचविले. ते केरळचे, आपण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, अजून सवयीने नगरच म्हणणाऱ्या. तेव्हा आपला त्यांच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. पण कमळावर उभी असलेली लक्ष्मी किंवा मांडीवर वीणा घेतलेली सरस्वती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे रूप येते, ते पुष्कळ अंशी याच माणसाने घडविलेले आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या तसबिरींपुढे उदबत्ती लावली, त्यांतील कितीतरी त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती होत्या.

रविवर्मा यांना मिळालेल्या पदकांविषयी आणि राजेरजवाड्यांच्या भेटींविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्यांचे जीवन जरा वेगळ्या बाजूने सांगावयाचे आहे. तेलरंगाचे चित्र थरावर थर चढवून कसे सिद्ध होते, ही विद्या त्यांना कोणी सरळ हाताने दिली नाही. ती त्यांनी कशी मिळविली आणि मिळाल्यावर तिचे काय केले, ही ती बाजू होय. शिकविताना हातचे राखावे की राखू नये, हा प्रश्न आपल्या शिवण-भरतकामाच्या वर्गातही रोजच उभा राहतो. म्हणून हे चरित्र आपल्याला परके वाटणार नाही, असा मला विश्वास आहे.

रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी किळिमानूर येथे झाला. तिरुवनंतपुरमपासून सुमारे 40 किलोमीटरवर असलेले हे गाव म्हणजे त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिक असलेल्या एका सरदार घराण्याचे ठाणे. त्या घराण्यात वंश आईकडून मोजला जाई; मुले आईच्या घरची मानली जात. वडील नंबुद्री ब्राह्मण, संस्कृतचे आणि आयुर्वेदाचे जाणकार. आई उमांबाबाई या स्वतः कविता करीत. त्यांनी रचलेले पार्वतीस्वयंवरावरील काव्य पुढे रविवर्मा यांनीच छापून प्रसिद्ध केले. आई कवयित्री, घरात कथकळीचे आणि पुराणकथांचे वातावरण, अशा घरात हा मुलगा वाढला. कोळशाचा तुकडा हाती आला की वाड्याच्या भिंती चित्रांनी भरावयाच्या, हा त्याचा लहानपणचा उद्योग. नोकरमाणसांनी तक्रार केली. पण मामा राजराज वर्मा हे स्वतः चित्रकार असल्यामुळे त्यांनी मुलाला न रागावता त्याच्या हाती कुंचला दिला.

मामांची चित्रपद्धती तंजावरकडची. त्या पद्धतीत फळीवर कापड चिकटवून त्यावर चित्र काढतात आणि देवाचे दागिने, महिरप, सिंहासन यांवर खऱ्या सोन्याचा वर्ख बसवितात. काचमणी व खडेही जडवितात. म्हणजे चित्रात जेथे सोने दाखवावयाचे, तेथे सोनेच लावावयाचे. ही गोष्ट वाचक भगिनींनी लक्षात ठेवावी, कारण पुढे रविवर्मा यांनी जी विद्या मिळविली, तिचा सारा रोख सोन्याचा कणही न वापरता सोने दाखविण्यावर होता.

1862 साली, चौदाव्या वर्षी, मामांनी त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराज कलेचे भोक्ते होते. त्यांनी मुलाला तेथेच ठेवून घेतले, ग्रंथालयातील युरोपीय चित्रांचे संग्रह पाहण्याची मुभा दिली. जलरंग तो शिकला. परंतु दरबारात तेलरंगाचे काम जाणणारे एक चित्रकार होते, रामस्वामी नायकर. या मुलाची बोटे पाहून त्यांनी ओळखले की हा उद्या आपल्या जागेवर बसेल. आणि त्यांनी शिकविण्यास साफ नकार दिला. नायकर यांच्या हाताखालचा आरुमुगम पिळ्ळै नावाचा शिष्य रात्री गुपचूप येऊन जे जाणत होता ते सांगून जाई, असे चरित्रकार लिहितात.

असे कोणते गुपित होते की जे दिवसाउजेडी सांगता येऊ नये? ते थोडे तपशिलाने सांगते.

जलरंगात पाणी उडून गेले की रंग वाळला. तेलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. जवस आपल्याला चटणीपुरता ठाऊक. पण त्याच्या तेलाचा एक गुण असा की ते उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. तेलाचे भांडे बरेच दिवस उघडे राहिले तर वर जी साय धरते, ती हीच क्रिया. एक थर वाळावयास कित्येक दिवस लागतात. या संथपणातच तेलरंगाचे सामर्थ्य आहे. रंग ओला आहे तोवर गालावरची उजेडाची छटा सावलीच्या छटेत विरघळविता येते; आणि एकदा तो पुरता वाळला की खालचे काम न बिघडविता त्यावर दुसरा थर देता येतो.

या गुणाचा पुरेपूर उपयोग सतराव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी केला. त्यांच्या शैलीला बरोक असे नाव आहे. इटलीचा काराव्हाज्जिओ (1571–1610), फ्लँडर्सचा रूबेन्स (1577–1640), स्पेनचा व्हेलास्केस (1599–1660) आणि हॉलंडचा रेम्ब्रांट (1606–1669) हे त्यांतले अग्रणी. प्रत्येकाचा हात निराळा; पण कामाचा क्रम साधारण असा असे.

लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाला प्रथम सरसाचा हात द्यावयाचा, म्हणजे तेल कापडात मुरून ते कुजत नाही. त्यावर अस्तराचा थर. हे अस्तर पुष्कळदा पांढरे न ठेवता तपकिरी किंवा करड्या रंगाचे करीत. आपण अंगण सारवून घेतल्यावाचून रांगोळी घालीत नाही, त्यातलाच हा प्रकार. पांढऱ्यावर पांढरी रांगोळी दिसावयाची नाही; मध्यम रंगाच्या भूमीवर उजेड आणि अंधार दोन्ही चढविता येतात. मग पातळ तपकिरी रंगात सगळे चित्र नुसते छायाप्रकाशात मांडावयाचे. त्यावर अंगाचे, वस्त्राचे, झाडांचे मुख्य रंग. सावली नेहमी पातळ आणि पारदर्शक ठेवावयाची, म्हणजे तिच्यात खोली दिसते. उजेड मात्र शिशाच्या पांढऱ्या रंगाने जाड द्यावयाचा, म्हणजे तो पुढे येतो.

सर्वांत नाजूक काम शेवटचे. वाळलेल्या थरावर भरपूर तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचा हात फिरवावयाचा. समजा, तांबडे वस्त्र रंगवावयाचे आहे. ते आधी शेंदरी रंगाने अपारदर्शक रंगवून पुरते वाळू द्यावयाचे. मग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून काढलेल्या गडद तांबड्याचा पातळ थर त्यावर द्यावयाचा. उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या उजळ रंगावर आपटतो आणि पुन्हा वरच्या थरातून बाहेर येतो. त्यामुळे वस्त्र आतून पेटल्यासारखे दिसते. पातळ रेशमी कापडाला दुसऱ्या रंगाचे अस्तर लावल्यावर जी झळाळी येते, ती आपल्यापैकी शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी पाहिलीच असेल. या सगळ्यात एक पथ्य कडक असते. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात अधिक. उलट झाले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आकसतो आणि चित्राला भेगा पडतात.

कुंचल्याचेही तसेच. डुकराच्या राठ केसांचा कुंचला जाड रंगात ओढला तर त्याच्या रेघोट्या उमटून राहतात. मऊ केसांच्या कुंचल्याने त्या पुसून कातडी गुळगुळीत करता येते. रेम्ब्रांटने उतारवयात ज्यू वधूचे चित्र म्हणून ओळखले जाणारे एक चित्र काढले. ते आम्सटरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये आहे. त्यातील पुरुषाची सोनेरी बाही रंगाचे अक्षरशः गोळे बसवून केली आहे. त्या उंचवट्यांवर खोलीतला उजेड पडतो आणि बाही चमकते. सोने त्यात नावालाही नाही. व्हेलास्केसची कशिदाकारी जवळून पाहिली तर नुसते फराटे दिसतात. चार पावले मागे सरले की त्याच फराट्यांची जर होते. आणखी एक सांगण्याजोगी गोष्ट अशी की याच रेम्ब्रांटपाशी आपल्याकडची मोगल लघुचित्रे पोहोचली होती आणि त्यांवरून त्याने मोठ्या आवडीने केलेली 20 हून अधिक रेखाटने आजही आहेत. म्हणजे चित्रांची ही ये-जा फार जुनी आहे.

रविवर्मा यांच्या काळापर्यंत या पद्धतीला दोनशे वर्षे होऊन गेली होती. युरोपातील कलाशाळांनी तिचा पाठ बसविला होता. जाड गोळ्यांऐवजी गुळगुळीत हाताला मान आला होता. पण थरांचा क्रम, पातळ सावली आणि जाड उजेड ही मूळ शिस्त तीच होती. 1868 साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय व्यक्तिचित्रकार महाराज व महाराणी यांची चित्रे काढण्यासाठी तिरुवनंतपुरमला आले. महाराजांनी त्यांना सुचविले की या तरुणाला तेलरंग शिकवावा. जेन्सन यांची तयारी नव्हती. अखेर एवढेच ठरले की ते काम करीत असताना याने जवळ बसून पाहावे.

वीस वर्षांच्या रविवर्मा यांना तेवढे पुरले. आज काय केले, उद्यापर्यंत कोणता भाग तसाच सोडला, दुसऱ्या दिवशी कशावर काय चढविले, हे त्यांनी डोळ्यांत साठविले आणि आपल्या खोलीत करून पाहिले. तेलरंग एका बैठकीत शिकता येत नाही, कारण तो एका बैठकीत होतच नाही. जो रोज येऊन पाहील, त्यालाच थरांचा क्रम कळतो. माझ्या शिकण्याच्या दिवसांत एका शिक्षकांकडे आम्ही मुली तेलरंगाचे काम पाहावयास जात असू. रंगात तेल किती घालावयाचे, हे विचारले की ते हसून विषय बदलीत. जे सांगितले जात नाही ते पाहून टिपावे लागते, आणि त्यात किती वर्षे वाया जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून रविवर्मा यांच्या आयुष्यातील हा प्रसंग मला त्यांच्या कोणत्याही पदकापेक्षा मोठा वाटतो.

1870 साली ते मूकांबिका देवीच्या दर्शनास गेले आणि तेथून परतताना त्यांना मोबदला देणारे पहिले काम मिळाले, असे सांगतात. पुढची चढण मात्र झपाट्याची झाली. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत फुलांची माळ माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्या चित्राचा गौरव झाला. 1876 मध्ये दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले. 1881 मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याधिकाराच्या समारंभासाठी बडोद्याचे बोलावणे आले, आणि 1888 मध्ये त्याच दरबाराने पुराणकथांवरील 14 चित्रांचे काम त्यांच्यावर सोपविले. नल-दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती, विश्वामित्र-मेनका ही त्यांतली काही. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची 10 चित्रे गेली आणि तेथेही पदके मिळाली.

बडोद्याच्या कामापूर्वी त्यांनी धाकट्या भावाला बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. पुराणातील स्त्रियांना वस्त्र कोणते द्यावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. अखेर त्यांनी साडी पसंत केली, आणि त्यांच्या कितीतरी नायिका आपल्या नऊवारी धाटणीचे लुगडे नेसलेल्या आहेत. आपल्या नगरला आणि भिंगारला एके काळी हातमागावरील लुगड्यांचा मोठा धंदा होता. काठ-पदर ओळखणारी दृष्टी आपल्या वडीलधाऱ्या बायकांत अजून आहे. त्या दृष्टीने रविवर्मा यांची चित्रे पाहावीत. नितळ गाल आणि हात यांवर कुंचल्याची खूण सापडत नाही. मऊ कुंचल्याने छटा एकमेकींत मिसळल्या आहेत. लुगड्याच्या चुण्यांत सावली पातळ आहे. आणि जरीच्या काठावर, नथीच्या मोत्यावर, बांगडीच्या कडेवर मात्र फिकट पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचा लहानसा जाड ठिपका नेमका ठेवलेला आहे. खाली तपकिरी, त्यावर गेरू-पिवळा, शेवटी तो उजळ ठिपका. एवढ्यावर सोने होते. मामांच्या पद्धतीत जेथे वर्ख लागत असे, तेथे भाच्याने तीन रंग आणि धीर वापरला.

या यशात दोन भावंडांचा वाटा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. मोठ्या चित्रांतील मागची झाडी, डोंगर, आकाश यांचे काम पुष्कळदा त्यांनी केले. व्यवहार, पत्रे, प्रवास हेही त्यांनी सांभाळले, आणि त्यांनी ठेवलेल्या रोजनिशीमुळेच या दोघांच्या कामाची आपल्याला एवढी माहिती मिळते.

दुसरे भावंड म्हणजे बहीण मंगलाबाई. त्याही चित्रकार होत्या. त्यांनी काढलेले रविवर्मा यांचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. भावाचा चेहरा ज्या जाणतेपणाने त्यांनी उभा केला, तो पाहिला म्हणजे हात त्याच घरचा आहे हे सांगावे लागत नाही. पण भाऊ बडोदा, म्हैसूर, मुंबई असे फिरत असताना बहिणीला मोठ्या घराण्याच्या चालीरीतींनी घरातच ठेवले. दरबारी कामे नाहीत, देशोदेशीची प्रदर्शने नाहीत. बरोकच्या काळीही याहून फारसे निराळे नव्हते. रोमची आर्तेमिसिया जेंतिलेस्की (1593 साली जन्मलेली) ही थोर चित्रकार झाली, कारण बाप चित्रकार होता आणि विद्या घरातच होती. 1616 मध्ये फ्लॉरेन्सच्या कलासंस्थेत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. रविवर्मा यांना दार उघडून आत घेतले गेले नाही, तरी दाराशी बसून पाहता आले. मंगलाबाईंना घरातच जे मिळाले, त्यावर त्यांनी एवढे केले. त्यांना दाराशी बसता आले असते, तर आज आपण दोन नावे घेतली असती.

आता तसबिरींकडे वळते. सर टी. माधवराव हे आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. त्यांनी रविवर्मा यांना सुचविले होते की मागणी एवढी आहे आणि हात दोनच. तेव्हा चित्रे छापून घ्यावीत. 1894 साली मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र पहिल्याने छापले गेले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कार्ल्याच्या एकवीरेला जाताना आपण ज्या मळवली स्थानकावर उतरतो, तेच हे गाव. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटात येण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

छपाई दगडावरची. मूळ चित्रातील प्रत्येक छटेसाठी वेगळा दगड; त्यावर तेवढाच भाग काढावयाचा; मग एकच कागद एकामागून एक दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक दगडांवरून न्यावयाचा. फिकट रंग आधी, गडद मागाहून. शेवटी रोगणाचा हात, म्हणजे तैलचित्राची तकाकी येते. जे थर चित्रकाराने महिनोन्‌महिने कुंचल्याने चढविले, तेच येथे दगडांनी चढविले. खोली अर्थातच उणी पडली. पण बडोद्याच्या महालातील भिंतीवर जे एकच होते, ते आठवडी बाजारात आणि यात्रेत मिळू लागले. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही घरात देवी आली. धंदा म्हणून मात्र रविवर्मा यांना तो झेपला नाही. कर्ज झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकून टाकला. 1972 च्या आगीत तो नष्ट झाला.

या छापील चित्रांवर एक शेवटचा थर चढला, तो मात्र बायकांच्या हाताचा. अनेक घरांत अशा चित्रांतील देवीच्या लुगड्यावर खरी जर, टिकल्या, मणी आणि रेशमी कापडाचे तुकडे बसवून मग काच लावीत. आमच्या श्रीगोंदे तालुक्यातील घरी आजेसासूबाईंनी सजविलेली लक्ष्मी अजून आहे. निऱ्यांच्या ओळीने टिकल्या लावलेल्या, काठाला जुन्या खणाची जर, आणि गळ्यात मोहरीएवढे मोती. सासूबाई सांगत की दुपारची कामे उरकल्यावर आजी माजघरात उजेडाच्या तुकड्यात बसून हे करीत. पुरे व्हावयास एक चातुर्मास लागला. रविवर्मा यांनी सोने सोडून रंगाने सोने दाखविले, आणि आमच्या आजेसासूबाईंनी त्या रंगावर पुन्हा जर शिवली. चित्रशास्त्राच्या दृष्टीने कोणी याला नाक मुरडील. मला त्या टाक्यांत कारागिराचाच हात दिसतो. चित्राखाली रविवर्मा यांचे नाव छापलेले आहे. टाक्यांखाली कोणाचेच नाही.

नाव नसलेल्या आणखीही बायका या चित्रांत आहेत. लक्ष्मी-सरस्वतीच्या आणि पुराणातल्या नायिकांच्या रूपासाठी ज्या स्त्रिया तासन्‌तास समोर बसल्या, त्यांतल्या काही मुंबईच्या गायिका-कलावंतिणींच्या समाजातील होत्या. त्यांच्या चेहऱ्यांची घरोघर पूजा झाली. त्यांना स्वतःला मात्र त्याच घरांच्या ओटीवर किती मान मिळाला असता, हे आपल्या मनाला विचारावे.

रविवर्मा यांच्यावर टीकाही झाली. त्यांच्या देवता नाटकातल्या पात्रांसारख्या वाटतात, पद्धत परकी आहे, भारतीय कलेचा आत्मा तीत नाही, असे भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या विचारवंतांचे मत पडले. त्या टीकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्यांची काही चित्रे खरोखरच रंगमंचावर मांडल्यासारखी दिसतात. परंतु परकी म्हणून जी विद्या नाकारली जाते, तीच आपल्या कथा सांगण्यासाठी वाकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. 1979 साली भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. ती आता देशाबाहेर विकता येत नाहीत.

1904 मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. पण पुढच्याच वर्षी, जानेवारी 1905 मध्ये, बंधू राजराज वर्मा वारले आणि उजवा हात गेल्यासारखे झाले. तरीही हाती घेतलेली कामे ते पुरी करीत राहिले. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरच्या घरी त्यांनी देह ठेवला, वय 58. त्यांची नात सेतु लक्ष्मीबाई हिला त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक घेतले होते. तिने 1924 ते 1931 या काळात राज्यकारभार चालविला.

हे चरित्र लिहिताना माझ्या मनात सतत घोळत राहिले ते नायकर आणि तो रात्री येणारा शिष्य. नायकर यांनी विद्या झाकून ठेवली, आणि आज त्यांचे नाव आपण कशासाठी घेतो? केवळ नकारासाठी. आपल्याकडेही चकलीची भाजणी सांगताना एखादा जिन्नस गाळणाऱ्या, कशिद्याचा टाका दाखविताना हात आडवा धरणाऱ्या सुगरणी असतात. त्यांना भीती वाटते ती खोटी नसते. बाईच्या हाती मानाच्या गोष्टी थोड्या, त्यांतली एक वाटून टाकली तर उरेल काय, असे वाटते. पण ज्या मुलीला आपण सांगणार नाही, तिला दाराशी बसून पाहण्याइतकी सवड आणि मोकळीक असेलच असे नाही. मंगलाबाईंना ती नव्हती.

म्हणून मंडळाच्या या वर्धापनदिनी दोन विनंत्या करते. पहिली, आपल्या माळ्यावर किंवा पेटीत जुन्या तसबिरी असतील तर त्या ओल्या फडक्याने पुसू नका. रोगण आणि रंग दोन्ही सुटतात. काचेची वरची धूळ कोरड्या मऊ कापडाने टिपावी, तसबीर उन्हापासून आणि ओलसर भिंतीपासून दूर ठेवावी. त्यावर कोणाच्या हाताचे टिकल्यांचे काम असेल, तर मागील बाजूस त्या बाईचे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. दुसरी विनंती, येत्या जूनपासून मंडळाच्या जागेत शनिवारी दुपारी मी मुलींना रंगकाम शिकविणार आहे. फी नाही. तेल किती घालावयाचे, हे पहिल्याच दिवशी सांगेन. ज्यांना शिवण, भरतकाम, भाजणी यांतले काही येत असेल, त्यांनीही आपापला एक शनिवार द्यावा, आणि जे येते ते सगळे सांगावे.